सुकराम मामाची शेठवाली नक्कल

आमच्या गावच्या राईसमिलमांगं तुसाचा ढीग होता. रोज वाढे. मिल बंद पडली, ढीग वाढाचा थांबला. पन सुकराम मामाच्या किश्श्यांचा ढीग तेव्हापासूनच वाढून राहिला! चार बुढ्या बसल्या का एक किस्सा, दोन पोट्टे भेटले का दुसरा. निम्मे मीच पसरवले, कबूल. पन हे खालचे सारे माह्या डोळ्यादेखतचे होत. अन् सांगता सांगता मले राग येते, तेबी आत्ताच सांगून ठेवते.

मामा म्हंजे माह्या मायचा भाऊ नाई, साऱ्या गावाचा मामा. मिलमधी हमाल. अन् दंडारीतला हिरो! दंडार म्हंजे नाच, गानं, नक्कल, सारं भर उन्हात, अन् लुगडं नेसून नाचनाराबी गडीच. शहरातल्या लोकायले काय समजते ते!

*

उन्हाळ्यात शेठनं मिलले कुलूप लावलं. "मशीन पुरानी हो गई," एवढं बोलला अन् गाडीत बसून गोंदियाले गेला. वीस-वीस वर्षं पोते उचलले लोकायनं, अन् पुराना काय झाला, मशीन!

दुसऱ्या दिवशी सकाळी सातले सारे हमाल डबा घेऊन गेटवर हजर. तिसऱ्या दिवशीबी. कुलूप दिसत होतं ना! पन घरी बसाची सवयच नाई. गेटसमोर बसत, डबा खात, वापस येत. माहा बाबा तर हसनंच विसरला.

आठव्या दिवशी मामानं पोटाले उशी बांधली. (उशी आमच्या घरची. मीच चोरून देल्ली.) वरतून पिवळं जाकीट, शेठ घालते तसंच. अन् झाडामांगून ओरडला, "आज छुट्टी किसने दी रे?"

सारे ताडकन उभे राहिले! बाबानं तर डबा पाठीमांगं लपवला!

मंग जे हसले, जे हसले! बाबाचे दात मी आठ दिवसांनी पाहिले. मायले घरी येऊन सांगतलं तर माय म्हने, "खोटं बोलून राहिली तू."

*

हसून पोट भरते का? मामाले तेबी समजत होतं. तलावात शिंगाडे लागले तसं त्यानं सायकल काढली अन् ते विकाले निघाला. दंडारीच्या आवाजात ओरडे, "शिंगाडे घ्याss! मिलपेक्षा कडक, शेठपेक्षा गोड!" बाया हसत बाहेर येत, अन् हसत आल्यावर घेतल्याशिवाय जात नाईत.

त्याले पाहून चार हमालायनं सायकली काढल्या. बाबानंबी. पन बाबा लाजरा! ज्या गल्लीत कोनीच राहत नाई, तेथीच ओरडे. शिंगाडे तसेच वापस.

मंग मी मामाचा आवाज मोबाईलमधी भरला अन् बाबाच्या टोपल्याखाली ठेवून देल्ला. बाबा चूप, टोपलं ओरडून राहिलं! बाया बाहेर येत, पाहत तर बाबा.

फुलाबाई बुढी म्हने, "काऊन गा, तोंड मामाकडे गहान ठेवलं का?"

त्या दिवशी टोपलं रिकामं आलं. बाबानं मले मारलं नाई. मोबाईल मात्र मांगून घेतला. दुसऱ्या दिवशीसाठी!

*

पोळ्याले दंडार झाली. तेथी आमचा एक नियम आहे, आजोबाच्या टायमापासूनचा. जो इनाम देईल त्याचं नाव माइकवर घ्याच लागते, अन् तो जे सांगेल तेबी जसंच्या तसं बोलाच लागते. नाच चालू असो का रडनं, थांबाचं अन् बोलाचं.

यंदा नोटा कुठून येतील? कोनी अंडे देल्ले, कोनी पायलीभर तांदूळ. फुलाबाईनं एक भोपळा पाठवला.

मामा लुगड्यात, ऐन रडाच्या सीनमधी. थांबला. डोळे पुसले. "फुलाबाईकडून एक भोपळा इनाम! फर्माईश अशी, का माह्या जवायाले सांगा, फोन उचलत जा!"

जवाई तिसऱ्या लायनीत बसला होता! तेथूनच त्यानं फोन लावला.

*

आता रागाचा किस्सा. नागझिऱ्यात वाघ पाहाले एक जीप आली. वाघ दिसला नाई. वापस जाता जाता चष्मेवाल्याले मामा दिसला, सायकल अन् शिंगाड्यासंगं. झालं! कॅमेरा बाहेर.

"काका, मिल बंद झाली, तरी तुम्ही हसता कसे?"

"तुमी वाघ नाई दिसला तरी हसूनच राहिले ना!"

चष्मेवाला म्हने, "छान, छान. आता थोडं रडून दाखवा ना. व्हिडिओ चालतो मग."

मामा म्हने, "रडाचं इनाम वेगळं लागते, साहेब. पहिले दोन किलो शिंगाडे घ्या."

घेतले नाईत! अन् व्हिडिओ टाकला, 'गरिबीतही हसणारा हिरो'. हजारो लोकायनं हात जोडले, दिल पाठवले. शिंगाडा एकानंबी घेतला नाई. मीच आयडी बनवून खाली लिहिलं, "याच्या जीपले वाघ कायले दिसन? वाघालेबी रडाले सांगतलं असन!"

*

मंग पुढाऱ्यायले जाग आली. मामाचा सत्कार! चौकात भलंमोठं बॅनर. वर मोठे साहेब, खाली छोटे साहेब, बाजूले त्यायचे भाऊ. मामाचा फोटो कुठी? कोपऱ्यात, तिकिटाएवढा.

मामा बॅनरखाली उभा राहून शोधत होता. "चिमे, मी सापडलो का तुले?"

मले असा संताप आला! मायची आलत्याची बाटली घेतली अन् साऱ्या साहेबायच्या कपाळावर ही मोठी टिकली लावून देल्ली. दंडारीत मामा लावते तशी!

शाळेतल्या सरनं माहे लाल बोटं पाहिले. घरी चिठ्ठी आली. बाबानं ती घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली अन् म्हने, "बॅनरवरच्या भावाची टिकली राहिली होती ना एक?"

सत्काराची शाल तर फोटो काढल्यावर वापस घेतली. दुसऱ्या गावात अजून एक सत्कार होता म्हने!

*

अन् हा मंडईचा, म्हंजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेचा.

दिवाळी झाली. मंडईच्या चार दिवस आधी शेठ आला. मिल पुन्हा चालू होनार! नवी मशीन! गाव नाचाले लागलं. पन शेठनं मामाले बाजूले बोलावलं. बाबा अन् मी तेथीच होतो.

"देख सुकराम, नई मशीन में आधे ही आदमी लगेंगे. लिस्ट मेरे जेब में है. मंडई में मेरी नक्कल हुई, तो तेरा नाम कट." मंग बाबाकडे पाहिलं. "और जो साथ में खड़ा होगा, उसका भी."

नाव कटलं म्हंजे हैदराबादले जानाऱ्या मजुरायच्या गाडीत बसा! बाबाले यंदा पहिल्यांदाच पार्ट होता, हमालाचा, एकच वाक्य. माय म्हने, "नका जाऊ." बाबा वाक्य पाठ करत राहिला.

मंडईच्या दिवशी दुपारी शेठ पहिल्या लायनीत सोफ्यावर. मंडप त्यानंच देल्ला होता. दंडार चालू झाली. लोक ओरडाले लागले, "शेठ! शेठची नक्कल!"

मामा पिवळं जाकीट घालून आला. तोंड उघडनार, तेवढ्यात शेठनं मुनीमाच्या हाती पाचशेची नोट पाठवली. मुनीम मामाच्या कानाशी लागला.

मामानं नोट पाहिली. माइक घेतला.

"शेठजीकडून पाचशे रुपये इनाम! फर्माईश अशी, का माही नक्कल करू नका!"



"नियम म्हंजे नियम," मामा म्हने. "फर्माईश मान्य!"

जाकीट काढलं. स्टेजवरच्या खुर्चीले नीट घालून देल्लं, बटन लावले. माइक खुर्चीसमोर उभा केला. अन् सोता खाली हमालायमधी जाऊन बसला.

बाबा उठला. आवाज असा निघाला का मांगच्या झाडापर्यंत गेला!

"शेठ, निम्म्या हमालायनं जावं कुठी?"

खुर्ची चूप.

बाबानं पुन्हा विचारलं.

खुर्ची चूप. साऱ्या मंडईनं मान वळवून सोफ्याकडे पाहिलं. तेथीबी चूप.

मांगून फुलाबाई ओरडली, "अवो माय! हुबेहूब!"