घडीची खुर्ची

यजमानांना कोकणात लोटे गावातल्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याहून उठून तिथल्याच एका वाडीत दोन खोल्या घेतल्या. ते पाळीप्रमाणे कंपनीच्या बसने जात. मुलं अजून नव्हती. दोन माणसांचा स्वयंपाक दिवसभर पुरवून पुरवून किती पुरवणार? म्हणून भातलावणी उरकल्यावर वाडीतल्या बायका गौरीच्या फुगड्यांची तालीम करायला दुपारच्या जमू लागल्या, तेव्हा मीही गेले.

तालीम आमच्या घरमालकिणीच्या पडवीत चाले. तिला सगळी वाडी आते म्हणायची. फुगड्यांची म्होरकी तीच, आणि अंगाने माझ्या दुप्पट. मला दारात बघून ती सुनेला ओरडली, "गो, खुर्ची आण! वहिनी आल्या!"

मुंबईच्या मुलाने आणलेली लोखंडी घडीची खुर्ची बाहेर आली. आतेने ती पदराने पुसली. सगळ्या सारवलेल्या जमिनीवर, मी खुर्चीत. चहा आला, तो त्यांना पेल्यांतून आणि मला कपबशीतून. घरात कान शाबूत असलेला तेवढा एकच कप होता.

पहिल्या दिवशी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं की मी खुर्चीत टेकले की गप्पा पावसापाण्यावर येतात. उठून दाराबाहेर गेले की मागे हशा पिकतो. आपसात त्यांचं "मेले, सरक की तिकडे!" आणि "नवरा यायचाय अजून, आत्तापासूनच काय लाजतेस गो?" असं चाललेलं असे. फुगडीच्या गाण्यात एकेकीचं नाव घेऊन टिंगल करायची त्यांची रीत होती. सगळ्यांची झाली, कुणाच्या काळ्या चहाची, कुणाच्या घोरण्याची. माझी कुणी केली नाही. मला मानाने बाहेर ठेवलं होतं, आणि मानाविरुद्ध तक्रार तरी काय करणार?

आमच्याकडे 'गं' म्हणतात. मी घरी 'गो'ची तालीम सुरू केली. स्टोव्हला पंप मारताना म्हणून पाहिलं, "काय गो, जेवलीस?" रात्रपाळी करून झोपलेले यजमान दचकून उठले.

"कुणाला हाकलतेस?"

"हाकलत नाही. ओळख वाढवतेय."

"मग ती इंग्रजीतून कशाला?"

खुर्चीतून उतरायचं तर फुगडी घालायला हवी, तीही आतेशी. तिची पकड वाडीत प्रसिद्ध होती. तिच्याशी फुगडी घातलेल्या बाईच्या मनगटावर बांगड्यांचे वळ दुसऱ्या दिवशीही दिसत, आणि बायका ते विहिरीवर एकमेकींना दाखवत. मी एके दिवशी पदर खोचला आणि म्हटलं, "आते, मला घ्या."

"नको हो वहिनी, लागेल तुम्हांला."

"लागू दे."

नाइलाजाने ती उभी राहिली. फुगडीत पाय जवळ घ्यायचे आणि अंग मागे टाकायचं. समोरची हात सोडणार नाही, हे धरूनच चालायचं. मी साताऱ्यात शिकले होते तसं अंग टाकलं. आतेने मात्र वहिनींना लागू नये म्हणून माझे हात बोटांच्या टोकांनी धरले होते, देवाचं फूल धरावं तसे. दुसऱ्याच गिरकीला मी सुटले ती थेट खुर्चीवर. खुर्ची घडीची, ती माझ्यासकट मिटली. आते पलीकडे धप्पकन बसली.

"मेले!" ती ओरडली. "अंग टाकतेस ते सांगून तरी टाक! कंबर मोडलीस माझी!"

आतेने तोंडावर हात ठेवला. "वहिनी... अहो, तोंडातून गेलं चुकून." सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आता ही रागावून निघून जाणार आणि पुन्हा येणार नाही, असं प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी खुर्चीतून पाय सोडवला. "तुझ्या हाताला मेंदी लावल्येय काय गो? बोटांनी काय धरतेस? नीट धर!"

"घाटावरची 'गो' म्हणाली गो!" कुणीतरी किंचाळलं. मग जो हशा झाला, तो मी पहिल्यांदाच दाराच्या आतून ऐकला.

आते उठली, लुगडं झटकलं आणि पुन्हा हात पुढे केले. या वेळी तिने मनगटं धरली. माझ्या दोन बांगड्या फुटल्या. संध्याकाळी यजमानांनी वळ पाहिले आणि विचारलं, "कुणाशी भांडलीस?" मी म्हटलं, "उद्या विहिरीवर दाखवायचेत. तेल लावू नका."

खुर्चीचा एक पाय वाकला. आतेने ती कोपऱ्यात कोंबड्यांच्या डालग्याला टेकण म्हणून लावली.

गौरीच्या दिवशी मुंबईचे चाकरमानी ओटीवर बसले होते, आणि आतेने त्यांच्यासमोर नवं गाणं सुरू केलं: घाटावरची बाय गो, खुर्चीवरून पडली गो!

मी फेर सोडून तिला गाठलं. "आते, हे चूक आहे. मी खुर्चीवरून पडले नाही. खुर्चीवर पडले."

"ते चालीत बसत नाय."

"पण खरं तेच आहे."

"गप गो मेले," आते म्हणाली. "आणि आत पेले पडलेत, ते विसळून टाक. चहा व्हायचाय सगळ्यांचा."

विसळले. माझा चहा मी पेल्यातूनच घेतला.