आप्पांच्या बाहीतला धूर

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासणाऱ्या तिला सगळे काचवाली म्हणत. घरी तिचे सासरे, आप्पा, हेच म्हणत, पण कौतुकानं. दुर्बिणीचं वेड मुळात आप्पांचं. निवृत्तीनंतर त्यांनी काचेची जाड थाळी आणली, घासून घासून तिचा खोलगट आरसा केला आणि त्यावर चकचकीत मुलामा चढवून आणला. आता तो दुर्बिणीच्या नळीत बसवायचा, एवढंच उरलं होतं. आणि आप्पांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. आरसा कपाटात गेला आणि घरात त्याचं नाव कुणी काढेना.

शेवटी काचवालीनंच तो बाहेर काढला. "मी बसवते. तुम्ही नुसतं बघा," ती आप्पांना म्हणाली. "चुकलं की डोळे वटारा."

आरसा स्क्रूनं आवळून चालत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. फ्रेम जरा घट्ट झाली की भिंगावर ताण येतो, हे तिचं रोजचंच. तिनं प्लायवूडच्या चकतीवर सिलिकॉनचे तीन गोळे लावले, मधे फट राहावी म्हणून आगकाड्या ठेवून आरसा अलगद टेकवला. सिलिकॉन वाळल्यावर काड्या ओढून काढल्या. आप्पांनी डोळे वटारले नाहीत.

पकड पक्की बसली का ते बघायला तिनं आरसा चकतीसकट टेबलावर, भिंतीला तिरका टेकवून उभा केला. आप्पा समोर खिडकीपाशी खुर्चीत रेडिओ ऐकत होते. ती चहा टाकायला आत गेली.

काहीतरी करपल्याचा वास आला. दूध तर अजून फ्रिजमध्येच होतं.

ती बाहेर आली आणि जागीच खिळली. आप्पांच्या उजव्या बाहीतून धुराची बारीक रेघ वर चालली होती आणि आप्पा शांतपणे रेडिओ ऐकत होते. ऊन कलून खिडकीत आलं होतं. आरशानं ते सगळं गोळा करून बाहीवर टाकलं होतं. नाण्याएवढा पांढराशुभ्र ठिपका, बघवत नव्हता. जन्म काचेत गेला आणि एवढं डोक्यात आलं नाही.

तिनं एप्रन ओढून आरशावर फेकला, तांब्यातलं पाणी बाहीवर ओतलं. कापड बाजूला केलं तर मनगटाजवळची कातडी भाजून निघाली होती.

"आप्पा, तुम्हाला कळलं कसं नाही?" ती विचारून बसली, आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं. त्या लुळ्या हाताला काही जाणवतच नव्हतं.

आप्पांनी मनगटाकडे पाहिलं. मग आरशाकडे. आरशानं ऊन नेमकं किती लांब एकवटलं, ते दोन्हींमधलं अंतर नजरेनं पुन्हा पुन्हा मोजलं. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

"ज... जमलं," ते म्हणाले.

झटक्यानंतरचा त्यांचा हा पहिला शब्द होता.

दवाखान्यातून मलमपट्टी करून परतले, तेव्हा नवरा कामावरून आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तो आरसा आधी घराबाहेर काढ," तो म्हणाला.

"आप्पा बोलले, अहो."

"घाबरलीस, म्हणून तुला तसं वाटलं." तरी तो खुर्चीसमोर उकिडवा बसला. "आप्पा, खरंच बोललात?"

आप्पा गप्प. त्यानंतरही कितीतरी दिवस गप्पच. काचवालीलाही शंका यायला लागली. दुकानात काच हातात घेतली की ती आधी उन्हाकडे पाठ करायची. सहकारी विचारायचे, ती काहीबाही सांगून वेळ मारून न्यायची.

जखम भरत आली, तसे आप्पा डाव्या हातानं कपाटाकडे खुणा करायला लागले. थांबेनातच. नवऱ्यानं पुष्कळ कुरकुर केली आणि शेवटी स्वतःच नळी धरून उभा राहिला. तिनं आरसा आत बसवला, वर घट्ट झाकण केलं. सूर्य पुरता मावळेपर्यंत तिनं त्या झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही.

गच्चीवर खुर्ची नेली. आप्पांनी चंद्र बघितला, बराच वेळ. मग तिनं डोळा लावला आणि एकदम मान मागे घेतली. ते खड्डे अगदी नाकासमोर आल्यासारखे. तिनं पुन्हा डोळा लावला, आणि हलेचना.

"सरक," मागून आवाज आला.

नवऱ्याचा आवाज नव्हता तो. नवरा तर तोंड उघडं टाकून बापाकडे बघत होता.