ठेंगणीची सायकल

टपाल वाटणाऱ्या बाईला कचेरीत सगळे ठेंगणी म्हणत, तेही तोंडावर. त्याचं तिला काही वाटत नसे. तिचा राग होता तो सायकलवर. कचेरीच्या सगळ्या सायकली एकाच मापाच्या, उंचपुऱ्या माणसाच्या. सीट पार दांड्याला टेकवली तरी हिचे पाय जमिनीला लागायचे नाहीत. मग तिने फेरीतले सगळे आधार पाठ केले होते. इथे पायरी, तिथे कट्टा, वकिलाच्या दारात दगड. जिथे पाय टेकायला काही सापडेल तिथेच ती थांबे आणि मधल्या घरांची पत्रं चालत जाऊन देई. लोक म्हणत, बाईंना पायी फिरायची भारी हौस!

पुढे रस्ता रुंद झाला, कट्टे गेले, आणि एका सकाळी ती भर चौकात टपालासकट आडवी झाली. गुडघा फुटला, पत्रं उडाली, बघे पोट धरून हसले.

"उद्यापासून आत बसा, पत्रं निवडा," साहेब म्हणाले. "तुमच्या उंचीला फेरी झेपायची नाही."

आतल्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. ही फेरी तिने भांडून मिळवली होती आणि ती सोडायला ती मुळीच तयार नव्हती. ती तणतणत घरी आली.

नणंद शिवणाच्या मशीनवर होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "उंची काय घेऊन बसलाय तुझा साहेब? नुसत्या उंचीवरून मी आजवर एक पायजमा बेतला नाही. वहिनी, चपला काढ आणि भिंतीला पाठ लावून उभी राहा."

तिने एक जाडजूड पुस्तक हिच्या दोन्ही पायांच्या मध्ये धरलं आणि वर दाबलं.

"अगं, काय करतेस!"

"लाजतेस काय? सीट लाजणारे का?" पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप सोडून तिने माप वाचलं आणि हसत सुटली. "धडाने बाई आणि पायांनी पोर आहेस तू!"

खरंच होतं ते. खुर्चीत बसली की ती साहेबांच्या बरोबरीची दिसे, उभी राहिली की त्यांच्या खांद्याशी येई.

त्या मापाची सायकल दुकानात एकच निघाली. जांभळी, हँडलला झिरमिळ्या.

"लेकीसाठी का?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्यासाठी. आणि हँडल पुढे सरकवून द्या, माझं धड लांब आहे."

चक्कर मारून ती थांबली, तर दोन्ही पाय जमिनीवर. तिला रडू आलं. इतकी वर्षं आपण दुसऱ्याच्या मापाची सायकल रेटत राहिलो, याचा तिला भयंकर संताप आला.

दुसऱ्या दिवशी साहेब दारातच आडवे आले. "हे खेळणं घेऊन टपाल वाटणार? लोक हसतील!"

"हसू देत. मी पडले तेव्हाही हसलेच की. तेव्हा नाही तुम्हाला लाज वाटली."

"नियमाप्रमाणे कचेरीचीच सायकल—"

"मग नियमाप्रमाणे माझे पाय वाढवून आणा. त्या दिवशी मोठी चालवीन. तोवर ही."

तिने खुंटीवरच्या टपालाच्या पिशवीला हात घातला. साहेबांनी दुसरा पट्टा धरला. आत पत्रं निवडणारे हात थांबले.

"पिशवी सोडा, साहेब. लोक पत्रांची वाट बघताहेत."

त्यांनी पट्टा सोडला.