तीन कलमांचा तह

सदुसष्टाव्या वर्षी स्कूटर घसरून कोपर सोलवटणं हा काही गुन्हा नव्हे, पण मुलाने, प्रतीकने, घरात कोर्टच भरवलं. विजयालक्ष्मी टिपणीस केंद्र सरकारच्या कचेरीत एकतीस वर्षं अनुवादक होत्या. निवृत्तीनंतर दिल्लीत आर. के. पुरमला मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. हा मुलगा दिल्लीतच वाढलेला. चिडला की इंग्रजीत भांडे.

"स्कूटरची चावी दे, आई. प्लीज. एकदा तरी कॅपिट्युलेट कर ना यार!"

बाईंचे डोळे चमकले. शब्द चुकीच्या माणसासमोर टाकला होता बिचाऱ्याने.

"कॅपिट्युलेट म्हणजे काय रे?"

"हार मानणं. और क्या?"

"तो अर्थ मागाहून चिकटला. लॅटिनमध्ये 'कापुट' म्हणजे डोकं. त्यावरून 'कापिटुलुम', छोटं डोकं, म्हणजे मजकुराचा मथळा. कॅपिट्युलेट करणं म्हणजे एकेक मथळा घालून अटी लिहिणं. आपल्याकडे तहाची कलमं लिहीत ना, तसं. किल्ला द्यायचा, पण कलमवार. नुसती नांगी टाकायची नाही! थांब, रीतसर करू."

त्यांनी कपाटातून कचेरीतल्या टिपणांसाठीची जुनी हिरवट नोटशीट काढली. डावीकडे समास सोडला, उजवीकडे कलमं लिहिली, खाली 'मंजुरीसाठी सादर' असं टाकून कागद पोरापुढे सरकवला. तो सुटकेचा निःश्वास टाकून वाचू लागला.

कलम एक: मंगळवारी भाजीसाठी सरोजिनी नगरला नेणे-आणणे. "बिल्कुल. कॅब बुक करीन," म्हणत प्रतीकने समासात सही केली.

कलम दोन: गुरुवारी मैत्रीण हेमलताबाईंना डॉक्टरांकडे पोहोचवणे. तिथेही सही झाली.

कलम तीन: मी कुठे जाते, कशाला जाते, कधी परतणार, हे घरात कोणीही विचारणार नाही.

पेन थबकलं. "हे कसं चालेल? या वयात तू एकटी..."

"तुझे बाबा गेले तेव्हा मी एक्कावन्नची होते," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण धार होती. "सगळे म्हणाले, आता एकटीने हिंडू नका, प्रतीक सोडेल, प्रतीक आणेल. दळणाच्या डब्यासारखी मला कोणी ने-आण करावी, हे मला सोसलं नाही. म्हणून त्या वयात स्कूटर शिकले. तुला ती गाडी दिसते. मला कोणाला विचारावं लागत नाही, ते त्या गाडीमुळे. ती मोकळीक देणार असशील तर चावी घे."

प्रतीकने पेन कागदावरून मागे घेतलं. खोटी सही करणाऱ्यातला तो नव्हता, आणि हे त्याच्या आईला पुरतं ठाऊक होतं.

"मग नामंजूर असा शेरा मार. तारीख घाल."

त्याने कागद तसाच कोरा परत सरकवला. बाईंनी पर्समधून चावी काढली, खुंटीवरचं हेल्मेट घेतलं आणि त्या दाराकडे वळल्या.

"अगं, पण आत्ता कुठे चाललीस?" प्रतीकच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याने जीभ चावली.

बाईंनी हेल्मेटचा पट्टा आवळला, दुखऱ्या कोपराने दार लोटलं आणि उत्तर न देता जिना उतरू लागल्या.