पावडर आणि अंगारा

दर गुरुवारी दुपारी चार वाजता आम्हाला पुन्हा शाळेत बसवायचं, असं नव्या सर्जनसाहेबांनी ठरवलं तेव्हा दवाखान्यात चांगलीच कुरकुर झाली. साहेब मुंबईहून कोल्हापुरात आले होते. बोलायला मऊ, पण एकदा ठरवलं की न सोडणारे. पास होऊन नोकरीला लागलेल्या नर्सेस, ऑपरेशन थिएटरातले मदतनीस, जखमा बांधणारा ड्रेसर, सगळ्यांनी यायचं. बाह्यरुग्ण विभागातली बाकं ओढून रांगा केल्या, जवळच्या शाळेतून एक फळा मागून आणला. थिएटरच्या मोठ्या सिस्टर, ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, त्या पहिल्याच दिवशी माझ्या कानाशी लागल्या, "वीस वर्षं चिमटे उकळतेय मी. आता हा मला पाणी उकळायला शिकवणार?"

मला मात्र बरं वाटलं होतं. संस्थान विलीन व्हायच्या आधी मी पास झाले, त्यानंतर नवं असं मला कुणी काही शिकवलंच नव्हतं. वही घेऊन मी पहिल्या बाकावर बसायची.

तिसऱ्या गुरुवारी विषय निघाला रबरी हातमोज्यांचा. मोजे म्हणजे माझं खातं. ऑपरेशन झालं की ते धुवायचे, उकळायचे, दोरीवर वाळवायचे, फाटले असतील तर ठिगळ लावायचं आणि डॉक्टरांच्या हातावर सहज चढावेत म्हणून आतून पावडर लावायची. पावडर मी मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळायची. माझ्यासारखी मऊ पावडर कुणाला जमत नाही, असं आधीचे डॉक्टर म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

साहेबांनी विचारलं, "ही पावडर येते कुठून?"

"बाजारातनं," ड्रेसर म्हणाला. सगळे हसले.

"त्याच्या आधी?"

ड्रेसर मोठ्या सिस्टरांकडे बघायला लागला.

"जमिनीतून. दगड खणून, दळून करतात ती. आणि धनुर्वाताचे जंतू कुठं असतात? मातीत. नुसतं उकळून ते मरत नाहीत. पावडर तर तुम्ही उकळतही नाही. डब्यातून काढता आणि थेट मोज्यात घालता. मोजा फाटला की ती कुठं जाते?"

पुढं ते बरंच बोलले. पावडरीच्या पातळ पुड्या बांधून भट्टीसारख्या पेटीत तासन्‌तास तापवायच्या, असं काहीतरी. माझ्या वहीत त्या दिवशीचं अर्धं पान कोरं आहे.

सहा वर्षांपूर्वी राधानगरीकडची एक बाई आमच्याकडे आली होती. पंचविशीची असेल. आतड्याला आलेली सूज होती, ऑपरेशन नीट झालं, मोजे माझ्याच पावडरीचे होते. तेव्हा माणसं कमी, थिएटरचं काम उरकलं की मी वॉर्डातही असायची. चौथ्या दिवशी तिची पट्टी बदलताना कडेला करडी राख दिसली. तिच्या आईनं गावदेवीचा अंगारा आणून जखमेशी लावला होता. मी त्या माउलीला सगळ्या वॉर्डासमोर झापलं. आठव्या दिवशी पोरीचा जबडा आवळला, पाठीची कमान व्हायला लागली. धनुर्वात. डॉक्टर धनुर्वातावरचं इंजेक्शन टोचत होते आणि मी दारात उभ्या असलेल्या तिच्या आईला, भावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे तुमच्या राखेनं झालं."

अकराव्या दिवशी ती गेली. भाऊ आईकडे न बघता गाडी जुंपायला गेला होता, तेवढं मला आठवत होतं.

त्या गुरुवारनंतर माझं कशात लक्ष लागेना. शिवाजी पेठेतल्या घरी घासलेली भांडी मी पुन्हा घासायला घ्यायची. बाहेर पोरं फुटबॉल खेळताना ओरडली की मी खिडकी लावून घ्यायची. थिएटरात पावडरीचा डबा उघडला की हात थांबायचा. शेवटी मी साहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सिस्टर, राखेनं झालं असेल, पावडरीनं झालं असेल, टाक्याच्या दोऱ्यानंही झालं असेल. आता ते कुणालाच सांगता येणार नाही."

"पण मी तर सांगितलं होतं. खात्रीनं सांगितलं होतं."

"मग आता काय करणार?"

"त्यांच्या गावी जाईन म्हणते."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तुम्हाला जा म्हणणार नाही. जाऊ नका असंही म्हणणार नाही."

मोठ्या सिस्टर मात्र भडकल्या. "दवाखान्याची अब्रू गावोगाव वाटायला निघालीस होय? आणि पावडर लावायला मीच तुला शिकवलं, मग माझं काय?" त्यांचा आवाज कापत होता. त्यांनाही कुणीतरी आठवत असणार, असं मला तेव्हा वाटलं. विचारायचा धीर झाला नाही.

जुन्या रजिस्टरातून गावाचं नाव काढलं आणि रविवारी सकाळी राधानगरीच्या एस.टी.त बसले. भातकापणीचे दिवस होते. उतरल्यावर दोनदा वाटलं, समोरून गाडी आली तर तशीच परत जावं. गाडी आली नाही.

घर सापडलं. ओसरीवर त्या पोरीची म्हातारी आई शेंगा फोडत बसली होती. "कोण पावणं?" तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"कोल्हापूरहून आले. दवाखान्यातली नर्स."

तिचा हात खाली आला. "वळाकलो," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

सुनेनं पाणी आणून दिलं. तिची चार वर्षांची पोर गुडघ्यावर गळू झालं म्हणून रडत होती. म्हातारीनं सहज तिच्याकडे हात केला, तशी सून झटकन पुढं झाली आणि पोरीला उचलून आत घेऊन गेली. म्हातारीनं हात मागं घेतला. सवयीनं घेतला. ते बघून मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

मी सांगायला सुरुवात केली. कसं सांगितलं ते आठवत नाही. पावडर, माती, डबा, गुरुवारचा वर्ग, सगळं उलटसुलट. ती मान वर न करता ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "सा वर्सं झाली, बाई."

"हो."

"सा वर्सं ह्या घरात कुनी माझ्या हातचा अंगारा लावून घेतला न्हाय. पोरीस्नी न्हाऊ घालू देत न्हाईत. मी गप ऱ्हायलो. माझ्याच हातनं झालं म्हणून गप ऱ्हायलो. आनि तू आता येतीस व्हय सांगायला?"

"मला आत्ताच कळलं, आजी."

"तुला कळलं. मला सांगून काय करू मी? त्येला सांग. माझ्या ल्योकाला. त्येच्या म्होरं बोललीवतीस न्हवं, मग त्येच्याच म्होरं बोल."

मुलगा शेतावर होता. मी थांबले. ऊन कलायला लागलं, परतीच्या गाडीची वेळ जवळ आली, आणि मी ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यापर्यंत फेऱ्या मारत राहिले. म्हातारी एकदाच म्हणाली, "बस की. किती हिंडतीस?" बसवेना.

तो आला, कोयता कोनाड्यात ठेवला, हातपाय धुतले. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी नीट, एकामागून एक. सून दाराआडून ऐकत होती.

तो ओसरीच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "म्हंजे राखंनं न्हवतंच झालं. आसंच म्हणा की."

हो म्हणणं किती सोपं होतं. म्हातारी माझ्याकडे बघत होती. पण सहा वर्षांपूर्वी मी असंच ठाऊक नसलेलं ठासून बोलले होते.

"तसं नाही म्हणता येत," मी म्हणाले. "राखेनंही झालं असेल. आमच्या पावडरीनंही झालं असेल. मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं आणि मी सांगितलं, एवढंच माझं चुकलं."

तो उठला. मला वाटलं, आता ओरडणार. पण म्हातारीच आधी बोलली, "ऱ्हाऊ दे रं. आतापातूर मी एकटीच हुतो. आता दोगी झालो."

मुलानं तिच्याकडे बघितलं. नंतर माझ्याकडे वळून म्हणाला, "शेवटची गाडी चुकंल तुमची. चला, नाक्यापातूर येतो." वाटेत तो माझ्या चार पावलं पुढंच चालत होता. गाडी आल्यावर मात्र कंडक्टरला दम देऊन मला पुढची जागा करून दिली.

दवाखान्यात पावडरीच्या पुड्या सुरू झाल्या. तापवायची पेटी आली. मोठ्या सिस्टर दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग एक दिवस त्यांनी माझ्याच बाकावर येऊन वही उघडली आणि मला सरकायला सांगितलं.

गुळाच्या हंगामात तो मुलगा बाजाराला आला होता, तेव्हा दवाखान्याच्या फाटकाशी थांबून मला बोलावणं पाठवलं. घाईत होता. "आई बरी हाय," म्हणाला. "पोरगी तिच्याजवळच निजती आता." एवढंच सांगून गाडीकडे गेला. त्यानं मला माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

मला शांत वाटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. गुरुवार जवळ आला की मी वही काढायची आणि परत ठेवून द्यायची. आज काय कळणार, आणि ते कळल्यावर कोण आठवणार? एकदा तर मी गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी न जाता पेठेतल्या तालमीपर्यंत जाऊन परत, पुन्हा तिथपर्यंत, अशी चालत राहिले. साडेपाच झाले तशी राहवेना. दवाखान्यात आले. ड्रेसर पायरीवर बसून तंबाखू मळत होता.

"काय शिकवलं आज?" मी धापा टाकत विचारलं.

"काय न्हाय ओ, सिस्टर," तो म्हणाला. "सायेब आलंच न्हाईत. तासभर नुसतं बसून ऱ्हायलो आमी."