टोचलेल्या नाकांची शिरगणती

प्रियदर्शनी होवाळ ही बाई लहानपणापासूनच वाकडी. वाकडी म्हणजे, सरळ माणसांना वाकडी वाटणारी. बाप राजाराम होवाळ कवठेमहांकाळकडच्या खेड्यातून कुपवाडला लेथवर कामाला आला, तेव्हा ही पाच वर्षांची होती. शाळेत नाव घालताना मास्तर म्हणाले, "एवढं लांबलचक नाव झेपेल का हिला?" बाप काही बोलायच्या आत पोरगीच म्हणाली, "मला झेपतंय. तुमाला जड झालं तर नुसतं होवाळ म्हणा." मास्तर पुढं चार वर्षं तिला नुसतं होवाळच म्हणत राहिले, पण पुढच्या बाकावर बसवत राहिले.

कोल्हापूरला एम.ए., मग बंगळूरला दोन वर्षं मुलांच्या मनाचं शिक्षण, आणि एक्क्याण्णव साली ती मिरजेला परतली. मिरजेत हाडांचा डॉक्टर आहे, डोळ्यांचा आहे, काळजाचा आहे, गल्लीगल्लीत बोर्ड. पण लेकराच्या मनात काही मोडलं तर कुणाकडं जायचं? एका ट्रस्टच्या दवाखान्यानं तिला एक्स-रे विभागाच्या मागं एक खोली दिली. दोन खुर्च्या, एक सतरंजी, लाकडी खेळणी. लोक तिला 'येड्यांची डॉक्टरीण' म्हणायला लागले. ती म्हणायची, "येड्यांची न्हाई. येड्या मोठ्या माणसांच्या शहाण्या पोरांची."

नोकरी करता करता तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय असा, की ऐकून समितीनं चहाचे कप खाली ठेवले. जन्मताना दाई 'मुलगा' म्हणाली पण लेकरू स्वतःला मुलगी म्हणतं, किंवा उलट. अशी मुलं, आणि लहानपणीच त्यांच्या मनाला झालेल्या जखमा. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "आपल्या भागात असली मुलं नसतात."

"असतात, सर. मार खाऊन गप्प बसलेली असतात, म्हणून ऐकू येत नाहीत."

विषय मंजूर झाला तो तिचे मार्गदर्शक डॉ. टिकेकर यांच्या वजनामुळं, हे मान्य करायला हवं. टिकेकर सरांचं वाचन मोठं होतं आणि एक सिद्धान्त त्यांना फार प्रिय होता: असं पोर होतं ते आईमुळं. आईनं मुलाला मुलीसारखं वाढवलं की झालं. पुस्तकात तसं छापलेलं होतं. छापलेलं म्हटल्यावर प्रियदर्शनीचाही त्यावर विश्वास होता. वाकडी बाई असली तरी पुस्तकापुढं तीही सरळ चालायची, आणि तिथंच तिच्या घोड्यानं पेंड खाल्ली.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत खटाव तालुक्यातून, औंधजवळच्या एका गावातून अर्जुना नावाची बाई आली. सोबत सासू बनुबाई आणि सहा वर्षांचं पोर, वीरधवल. अर्जुनाची पहिली दोन बाळं गेलेली. म्हणून हे जन्मल्यावर घरच्यांनी यमाईला नवस बोलला. मुलगा आहे हे दृष्टीला, मृत्यूला कळू नये म्हणून नाक टोचलं, केस राखले, पाच वर्षं परकर-पोलकं घातलं. त्या भागातला जुनाच रिवाज. पाच वर्षांनी औंधला नेऊन केस दिले, चड्डी-सदरा चढवला. पण पोर परकर सोडेना. "मी पोरगीच हाय," म्हणायचं, रडत नव्हे, सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं. गणपतीत बाप सुट्टीवर आला. लालासाहेब, फौजेत हवालदार. त्यानं पोराला दिवसभर गोठ्यातल्या मेढीला बांधून घातलं आणि पट्ट्यानं मारलं. त्या दिवसापासून पोर बोलायचं थांबलं. अंथरूण ओलं करायला लागलं.

प्रियदर्शनीनं सगळं ऐकलं, पोराला सतरंजीवर खेळताना तासभर पाहिलं आणि केस पेपरवर पहिली ओळ लिहिली: 'आईने मुलीप्रमाणे वाढवल्याचा परिणाम.' माराची गोष्ट दुसऱ्या ओळीत लिहिली. ही चूक तिची. पुस्तकाची म्हणून ती कुणावर ढकलता येत नाही, आणि तिनं कधी ढकललीही नाही.

एप्रिलअखेर लालासाहेब पुन्हा सुट्टीवर आला. अर्जुनाच्या ट्रंकेतला तो केस पेपर त्याच्या हाती लागला. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून वाचण्याएवढा तो बावळट नव्हता. पहिल्या ओळीच्या त्यानं दहा झेरॉक्स काढल्या, भावकीत वाटल्या आणि ठरवून टाकलं: बायकोला कायमचं माहेरी धाडायचं आणि जूनमध्ये पोराला साताऱ्याच्या बाजूला एका बोर्डिंगात टाकायचं. तिथला मास्तर असली पोरं वेताच्या छडीनं वर्षभरात 'सरळ' करतो, अशी ख्याती होती. मग तो आईला, बायकोला, पोराला घेऊन मिरजेला आला.

"म्याडम, हे टाइप करून द्या. शिक्का मारून. भावकीच्या बैठकीत दावायचं हाय."

"काय टाइप करू?"

"तुमीच ल्हिलंय की. आईनं पोराची पोरगी केली."

प्रियदर्शनीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. राठ मिशा, इस्त्रीचा शर्ट, ताठ मान. आणि उजव्या नाकपुडीवर बुजत आलेला एक खळगा.

"हवालदारसाहेब, ही नाकावरची खूण कसली?"

"बारीक असताना कायतरी लागलं आसंल."

खाली भिंतीला टेकून बसलेली बनुबाई तोंडातली मिसरी सावरत म्हणाली, "लागतंय कशाचं? म्या टोचलंय. ह्येच्या आदी माजी तीन गेली. मग ह्येला पाच वर्सं परकर घालून हिंडीवला. लय ग्वाड दिसायचा, बाई. येणी घातली की मानूस वळून बगायचं."

हवालदाराचे कान लाल झाले.

"मग तुम्ही हवालदार कसे झालात?" प्रियदर्शनीनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती. तिला खरोखरच प्रश्न पडला होता, आणि तो पडल्याबरोबर केस पेपरवरची आपली पहिली ओळ आठवली होती. "साहेब, तो कागद परत द्या. मी चुकीचं लिहिलंय असं मला आत्ता वाटायला लागलंय."

लालासाहेबानं कागदाची घडी खिशात घातली. "ल्हिलेलं ते ल्हिलेलं," म्हणाला आणि पोराचं मनगट धरून निघून गेला. जाताना अर्जुनानं मागं वळून पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथं नुसतं 'तुम्ही पण?' होतं.

प्रियदर्शनी घरी येऊन बापासमोर रडली. राजारामनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माप चुकलं तर लेथवरचा जॉब भंगारात जातो. मशीनला शिव्या घालून काय हुतंय? परत माप घे."

मग तिनं माप घेतलं. मे महिन्याची रजा काढून, वही घेऊन ती एस.टी.नं हिंडली. तासगाव, खानापूर, आटपाडी, खटाव, माण. ज्या मुलखात घराआड एक फौजी, तिथं ती पारावर, तालमीत, चहाच्या टपरीवर बाप्यांची नाकं बघत बसायची. एका वस्तादानं तिला हटकलं, "बाई, पैलवानाच्या नाकाकडं न्हाई, मोडलेल्या कानाकडं बगत्यात." तिनं नाकाचंच विचारल्यावर गडी लाजला आणि मग अर्धा तास आपल्या नथीची गोष्ट सांगत बसला. काहींनी हाकललं. एकानं कुत्रं सोडलं. पण महिनाअखेर वहीत सदुसष्ट माणसं होती, लहानपणी नाक टोचलेली, परकर घातलेली. सुभेदार, ट्रकवाले, एक पोलीस पाटील, एक कीर्तनकार. सगळे आपापल्या मिशांत, आपापल्या संसारात. सदुसष्टांपैकी एकालाही आपण बाई आहोत असं कधी वाटलं नव्हतं. उलट तिच्याकडं येणाऱ्या नऊ मुलांपैकी आठांची नाकं कुणी टोचली नव्हती की त्यांना परकर शिवला नव्हता. तरी ती मुलं तशीच होती. आईचा काडीचा संबंध नव्हता. पुस्तकं मात्र चोर सोडून संन्याशाला सुळी देत बसली होती.

टिकेकर सरांनी वही चाळली आणि मिटली. "हे नाकांचं प्रकरण काढून टाका. याला संशोधन म्हणत नाहीत."

"मग आईचं प्रकरणही काढते, सर. ते मी न मोजता लिहिलं होतं."

"होवाळ, तुम्हाला इथं जागा कशी मिळाली ते विसरू नका. सवलतीत आलेल्या माणसानं भांडू नये."

प्रियदर्शनीनं वही उचलून काखेला मारली. आवाज चढवला नाही. "जागा सवलतीत मिळाली असेल, सर. नाकं मी पायपीट करून मोजलीत."

सरांनी सही केली नाही. प्रबंधाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकलेलं बरं: तीन वर्षं तो पडून राहिला, अठ्ठ्याण्णव साली दुसऱ्या मार्गदर्शक बाईंकडं पूर्ण झाला, आणि त्याच्या पहिल्याच पानावर तिनं स्वतःची चूक स्वतःच्या नावानिशी छापली. परीक्षकांनी ते पान गाळायला सांगितलं. गाळलं नाही.

पण त्या जूनमध्ये तिला पदवीची पडलेली नव्हती. अर्जुनाचं आंतरदेशीय पत्र आलं होतं, सातवीपर्यंत शिकलेल्या वळणदार अक्षरात: 'सोमवारी बैठक आहे. मंगळवारी पोराला नेणार. तुमचा कागद वाचणार आहेत.'

सोमवारी ती विट्याला गाडी बदलून गावात पोहोचली. शाळेच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस बाप्ये बसलेले. अर्जुना एका कडेला, बांधलेलं गाठोडं घेऊन. तिच्याजवळ पत्र्याच्या पेटीवर ते पोर, नवी चड्डी घालून. बनुबाई दारात. लालासाहेब उभा राहून झेरॉक्स वाचत होता.

"कोन तुमी? कुनाच्या?" भाऊसो नावाच्या वडीलधाऱ्या गृहस्थानं विचारलं.

"प्रियदर्शनी राजाराम होवाळ. आडनावावरनं ध्येनात आलं नसंल तर सांगते, बौद्ध हाय. आता कामाचं बोलू? ह्यो कागद वाचत्यात त्यो माजा हाय. आन् त्यो चुकीचा हाय."

कुजबूज झाली. शिकलेलं माणूस गावात येऊन, तेही भर बैठकीत, 'माझं चुकलं' म्हणतं हे कुणी पाहिलं नव्हतं.

"चुकलं कसं?" लालासाहेब म्हणाला. "सही हाय तुमची."

"सही माजी, चूक बी माजी. नाक टोचून आन् परकर घालून पोर बदलत असंल, तर ह्या बैठकीत बदललेली किती हायत ते आदी मोजू."

दोघा-तिघांचे हात नकळत मिशीवरून वर सरकले आणि खाली आले. तेव्हा दारातली बनुबाई उठली. मिरजेहून आल्यापासून म्हातारी घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

"जोतीराम, तुजं सोनारानं टोचलं तवा म्या मांडीवं धरलं हुतं तुला. किती भोकाड पसारलंस! आवं भाऊसो, तुमच्या आईनं तर तुमास्नी मोत्याची नथ घातली हुती. लगनात बी भोक दिसत हुतं." हसण्याची लाट उठली. भाऊसो सुद्धा उपरणं तोंडाला लावून हसले. म्हातारी मात्र हसली नाही. ती लेकाकडं वळली. "आन् लाला, ह्या पोराचं नाक अर्जुनानं न्हाई टोचलं. म्या टोचाय लावलं. तिला इचारलं बी न्हाई. तिला घालवायचं तर आदी मला घालीव. माजं बी गठुडं बांदते."

लालासाहेबाच्या हातातला कागद खाली आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो चिडलेला दिसत नव्हता, घाबरलेला दिसत होता. "मग ह्ये आसं कशानं झालं?"

"मला ठावं न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली.

"येवढं शिकून?"

"येवढं शिकून. जगात कुनालाच अजून नीट ठावं न्हाई. पर हवालदारसाहेब, पोर बोलायचं कशानं थांबलं, ते मला पक्कं ठावं हाय. तेवढं टाइप करून, शिक्का मारून देऊ?"

लालासाहेबानं झेरॉक्सची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्याच्या भावांनी आणि भावकीनं माना खाली घातल्या होत्या. मग तो व्हरांड्याच्या कडेला आला, पेटीपुढं उकिडवा बसला आणि पोरापुढं हात केला.

"चल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बोर्डिंगात न्हाई. घरला. आईसंगं."

पोरानं त्या हाताकडं पाहिलं. पट्टा धरलेला हात तोच होता. ते आईला आणखी चिकटलं, हनुवटी वर केली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणालं, "न्हाई."

नऊ महिन्यांतला पहिला शब्द. अर्जुनानं तोंडावर पदर दाबला. मागून कुणीतरी सवयीनं दटावलं, "बापाला आसं बोलत्यात व्हय रं!" प्रियदर्शनी गर्रकन वळली. "बोलू द्या त्येला!" ती इतक्या जोरात ओरडली की पारावरचे कावळे उडाले.

लालासाहेब तसाच उकिडवा बसून होता.

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं हात मागं घेतला.