पिन तेवढी तू लाव

फोन आला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. आमच्या आर्केस्ट्रात ड्रम वाजवणारा पप्पू बोलत होता. "मधूदादा, बसूअण्णा गेले..." चहा पिता पिता छातीत कळ आली आणि उमरग्याच्या दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं होतं. मी "व्हय का..." एवढंच म्हणालो. मशीनमधून कागद येत राहिले. आजोबांनी तीन प्रती मागितल्या होत्या, मी अकरा काढल्या. आता खरं सांगतो, कारण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय. त्या क्षणी माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. सुटलो, असं वाटलं. आता त्यांना कधीच कळणार नाही, असं वाटलं. मग आपल्या मनात हे आलंच कसं, याची इतकी भीती वाटली की आजोबा गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत स्टुलावर बसून राहिलो.

बसवराजअण्णा मुरुमचे वायरमन. धाराशिवला आयटीआयला असताना हॉस्टेलवरच्या कुणाकडून गिटार शिकले आणि एका हातात पक्कड, एका हातात गिटार घेऊन गावी परत आले. त्यांच्या वडिलांना यातली पक्कड तेवढी समजली. आमच्या गावातल्या निम्म्या घरांतली वायरिंग त्यांची. बटण दाबलं की दिवा लागतो ते अण्णांमुळे, असं आम्ही पोरं चेष्टेनं म्हणायचो, पण ते खरंच होतं. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. कीबोर्ड शिकलो आणि त्यांनी मला आर्केस्ट्रात घेतलं. हळदी, गणपती, शाळांची गॅदरिंगं, नवरात्रात तुळजापूरकडच्या मंडळांचे कार्यक्रम असं आमचं वर्ष जायचं. गिटारचा आवाज मोठा करणारा अॅम्प त्यांनी स्वतः बांधलेला होता. प्लायवूडचं खोकं, वर काळं रेक्झिन, आत त्यांच्या हातची जोडणी. आम्ही त्याला डबा म्हणायचो. तो उचलायला दोन माणसं लागायची आणि त्यातली एक नेहमी मी असायचो. कार्यक्रमाआधी ते प्रत्येक नव्या पोराला प्लग दाखवून सांगत, "ही जाड पिन हाय ना, ही अर्थिंगची. बाकीच्या दोन पोटासाठी, ही जिवासाठी." त्यांचं हे वाक्य मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

चार वर्षांपूर्वी जळकोटला एक हळद होती. दिवस मावळायला आला होता, मंडप भरला होता आणि डब्यातून घूंऽऽ असा आवाज येत होता. साउंडचा मिक्सर आणि डबा वेगवेगळ्या बोर्डांवर जोडले की असं होतं, हे पुढं मला कळलं. अण्णा गाडीतून तारा आणायला गेले होते. नवरीचे मामा स्टेजपाशी येऊन ओरडले, "वो आर्केस्ट्रावाले, आधी ती माशी तेवढी मारा की!" लोक हसले. मला लाज वाटली. एका मोठ्या आर्केस्ट्रावाल्याला मी एक युक्ती करताना पाहिलं होतं. चार्जरसाठी मिळतो तसला दोन पिनांचा छोटा कन्व्हर्टर मधे लावायचा. जाड पिन बोर्डापर्यंत पोचतच नाही, घरघर थांबते. माझ्या बॅगेत तो होता. मी लावला. घरघर थांबली, मामांनी टाळी वाजवली. अण्णा परत आले आणि खूश झाले. "आरं, गेली की! काय केलंस?" मी म्हणालो, "काय न्हाय अण्णा, पिन जरा हलवून बसवली."

तिसऱ्या गाण्याला अण्णा कोरसला माइकपाशी गेले. ओठ माइकला लागले, बोटं तारांवर होती... आणि ते तिथंच चिकटले. ओरडले नाहीत. ओरडायला तोंड सुटावं लागतं. डोळे माझ्याकडं होते. पब्लिकला वाटलं, अण्णा रंगात आलेत. पुढची पोरं शिट्ट्या मारत होती. मी कीबोर्ड ओलांडून गेलो आणि वायर ओढली. प्लग निघाला, त्याच्यासकट कन्व्हर्टरही निघाला आणि अण्णा मागं ड्रमवर कोसळले. सगळे त्यांच्याकडं धावले. मी धावलो नाही. मी आधी कन्व्हर्टर काढून खिशात घातला, मग धावलो. या दोन्हींमध्ये किती वेळ गेला असेल? तीन सेकंद, चार सेकंद... त्या चार सेकंदांना मी गेली चार वर्षं भ्यालोय.

ते वाचले. बोटं भाजली होती, दोन दिवस दवाखान्यात राहिले. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांनी डबा उघडला. मी समोर बसलो होतो. मीटर लावून एकेक टाका तपासत होते. "सगळं बरोबर हाय की रे. प्लग बरोबर, अर्थिंग बरोबर. ट्रान्सफॉर्मरचं जरा लिकेज हाय, पण ते असतंच, ते जमिनीत जातं. मंग माझ्या अंगात आलं कुठनं?" पुन्हा पहिल्यापासून तपासलं. तिसऱ्यांदा तपासलं. शेवटी पक्कड खाली ठेवून म्हणाले, "माझ्याच हातनं कुठंतरी ढिलं राहिलं असंल, मधू. मला दिसंना म्हणजे नजर गेली माझी." माझ्या जिभेवर शब्द आले होते, खोटं सांगत नाही. पण आतून वहिनी चहा घेऊन आल्या आणि मी चहा प्यालो.

पुढं गावानं त्यांना सोडलं नाही. वायरमनलाच करंट, मग आमच्या घराचं काय हो, अशी चेष्टा पारावर सुरू झाली. चेष्टाच होती, पण दोघा-तिघांनी खरंच दुसरा माणूस बोलावून घराची वायरिंग तपासून घेतली. कुठंही चूक निघाली नाही, पण तपासली हे अण्णांना कळलं. त्यांनी हळूहळू कामं घेणं थांबवलं. मोटारी दुरुस्त करायचे, पंख्यांचं वाइंडिंग करायचे. कुणाच्या भिंतीतल्या वायरला मात्र हात लावायचे नाहीत. डबाही त्यांनी मोडला. आणि मग एक दिवस माझ्या दुकानाच्या पत्त्यावर अण्णांनी पुण्याहून मागवलेलं खोकं आलं.

त्यात मॉडेलर होता. आमच्याकडं सगळे त्याला प्रोसेसर म्हणतात. पायानं दाबायची बटणं, मधे छोटा स्क्रीन, आणि आत जगभरातल्या अॅम्पचे आवाज हुबेहूब काढणारा कॉम्प्युटर. गिटार त्यात लावायची, त्यातून वायर थेट मिक्सरला द्यायची. स्टेजवर अॅम्प नाहीच. पहिल्या कार्यक्रमात लोक विचारत होते, "अण्णा, डबा कुठाय? गिटार वाजतीय कुठनं?" पप्पू सगळ्यांना सांगायचा, आमचे अण्णा मॉडर्न झाले. मीही हसून मान डोलावायचो. ते मॉडर्न झाले नव्हते, घाबरले होते, आणि ते का घाबरले हे त्या मंडपात मला एकट्यालाच ठाऊक होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते असं.

पण शिकले मात्र जिद्दीनं. सुरुवातीला ते घरी हळू आवाजात आवाज बनवायचे आणि मंडपात ते आवाज नुसते घुमायचे, गिटार कुठं ऐकूच यायची नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की मोठ्या आवाजासाठीचं काम मोठ्या आवाजातच करायला हवं. ओळखीच्या मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल त्यांनी दुपारसाठी मागून घेतला. तिथं ते वाजवायचे आणि मी शेवटच्या रांगेत बसून सांगायचो... खर्ज कमी करा, आता टोचतंय, आता बरोबर. लावणीचा आवाज, कव्वालीचा आवाज, आरतीचा आवाज, सगळे एका मापात आणून ठेवले. बटणांखाली चिकटपट्टीवर मराठीत नावं लिहिली. एकदा मुरुममध्येच कार्यक्रमात लाइट गेली आणि जनरेटरवर घेताना तो प्रोसेसर बंद पडला. परत सुरू व्हायला त्याला मिनिटभर लागतं. ते मिनिट मी कीबोर्डवर रेटून नेलं, पण अण्णांचा चेहरा मला दिसत होता. काळ्या स्क्रीनकडं बघत दोन्ही हात अंगापासून लांब धरून ते उभे होते, आपण हात लावला तर काहीतरी होईल अशासारखे. दुसऱ्या दिवशी त्यांनी छोटा यूपीएस आणला.

आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी एक गोष्ट ठरलेली. सगळ्या वायरी अंथरून झाल्या की ते प्लग माझ्या हातात द्यायचे. "पिन तेवढी तू लाव, मधू. माझ्या हातावर माझा भरोसा न्हाय." ज्या माणसानं अख्ख्या गावाला उजेड दिला तो एक प्लग बोर्डात घालायला भीत होता. आणि घालायला कुणाला सांगत होता, तर मला! चार वर्षं मी तो प्लग लावला. जाड पिन नीट बसली का हे दोनदा बघायचो. आज अण्णा ओळखतील, आज विचारतील, असं वाटायचं. ते फक्त "बसली का रं?" विचारायचे.

एका दुपारी त्या रिकाम्या हॉलमध्ये गिटार न वाजवता त्यांनी एक बटण दाबलं आणि स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू आलं. मी उठूनच उभा राहिलो. ते हसत होते. "घाबरू नको. मशीनमधलीच हाय. घरघर कमी-जास्त करायची सोय दिलीया बघ त्यात. म्या आपल्या डब्याएवढी ठेवली." मी विचारलं, "कशाला पण अण्णा?" ते थोडा वेळ बोटं चोळत राहिले. "डबा लई चांगला व्हता रे, मधू. म्याच खराब केला." हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. कुणी चहा घेऊन येणार नव्हतं. सांगायची याहून चांगली वेळ देवानंसुद्धा दिली नसती. मी म्हणालो, "अण्णा, जरा खर्ज कमी करा."

ते गेल्यानंतर माझी भीती जाईल असं वाटलं होतं. ती वाढली. हृदय त्या दिवसापासूनच कमजोर झालं असेल का? दुकानात येणाऱ्या एका डॉक्टरांना मी आडून आडून विचारलं. ते म्हणाले, चार वर्षांनी तसा संबंध नसतो. मी अजून दोघांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. तरी मला पंख्याचं बटण दाबताना कचरायला होतं.

तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी महादेवीवहिनींचा फोन आला. "भावजी, ते मशीन घिऊन जावा. प्रोग्रामला लागंल तुमाला. इथं पडून खराब हुईल." दुपारी गेलो. त्यांनी मशीन जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं होतं. ते खाली काढून त्या माझ्या हातात देऊ लागल्या आणि मला ते घेता येईना. मी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये चार वर्षं लपवलेला कन्व्हर्टर खिशातून काढला, त्यांच्यासमोर फरशीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. मामा, माशी, खिसा, चहा, सगळं.

वहिनी ओरडतील असं वाटलं होतं. शिव्या देतील, रडतील. त्या म्हणाल्या, "लेकीनं जळकोटला घर बांधलं गेल्या साली, लेकरू लहान तिचं. तिची लई इच्छा, बाबांनीच वायरिंग करावी. न्हाय केली. परका माणूस भिंती फोडीत व्हता आन् हे अंगणात हात मागं बांधून हुभे. तिला वाटलं, बाबाला आपलं घर नको वाटतंय. दोन म्हयने बोलली न्हाय ती त्यांच्याशी." मी म्हणालो, "वहिनी, माफ करा मला." त्यांनी मशीन परत लुगड्यात गुंडाळलं. "म्या माफ करून काय हुतंय भावजी? माझ्याम्होरं त्यांची मान कवाच खाली न्हवती. जिथं खाली गेली तितं सांगा जावा. मंग या मशीन न्यायला."

म्हणून हे पेपरसाठी लिहिलं. पेपर सकाळी सातला मुरुमला येतो आणि साडेनऊला मी दुकान उघडतो. पारावरची माणसं त्याच वाटेनं येतात. कोण काय म्हणेल याची भीती वाटते, पप्पू पुन्हा माझ्याबरोबर वाजवेल का याचीही वाटते. पण जळकोटला एक बाई हा लेख वाचेल, तिच्यासाठी साध्या शब्दांत लिहितो. ताई, तुमच्या बाबांच्या हातात कधीच काही चूक नव्हती. त्या दिवशी अर्थिंग मी काढलं होतं आणि पुरावा मी खिशात घातला. ते अंगणात हात मागं बांधून उभे होते, कारण त्यांना वाटत होतं की त्यांनी लावलेल्या दिव्यानं तुमच्या लेकराला काही होईल.